केंडाचा केसपेपर

अण्णा बेहेरे रोज सकाळी आंघोळ करून, देवपूजा आटोपून, कपाळावरचं गंध वाळायच्या आत समुद्राची लघवी तपासत.

हे वाक्य माझं नव्हे, आमच्या आळीचं. पण ते खोटंही नव्हतं. अण्णांकडे बोटाएवढी एक काचेची नळी होती. खाली पाऱ्याचा गोळा, वर आकड्यांची पट्टी. दवाखान्यात ती रोग्याच्या लघवीत सोडून लघवी किती दाट आहे ते बघतात. अण्णांनी चौतीस वर्षं रत्नागिरीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडरकी केली. निवृत्तीच्या दिवशी डॉक्टरांनी शाल पुढे केली, तेव्हा अण्णा म्हणाले, "शाल राहू दे, ती नळी द्या." आता ती नळी त्यांच्या ओटीवरच्या काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात, रोज सकाळी तरंगत असे. चष्मा कपाळावर सरकवून अण्णा खारटपणाचा आकडा वाचत आणि आत ओरडून सांगत, "पंचवीस!" आतून माई म्हणत, "बरं." चोवीस आला तर चहा उशिरा मिळे. तेवीस आला तर घरात सुतक.

मी तेव्हा त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो आणि हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. आळीत एकाच घरी टीव्ही होता आणि त्यात बहुतेक वेळ मुंग्याच दिसायच्या, त्यामुळे रविवारी पोरंटोरं अण्णांची टाकी बघायला येत. टाकीत मासा एकच. केंड. ज्यांना केंड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा तळहाताएवढा, बिनखवल्याचा, वाटाण्यासारख्या डोळ्यांचा मासा. डिवचला की फुगून टम्म होतो. अंगात विष, म्हणून कुणी खात नाही. रापणीच्या जाळ्यात आला की मच्छीमार त्याला वाळूत भिरकावतात. असा भिरकावलेला एक केंड विनूने उचलून बादलीतून घरी आणला होता. विनू म्हणजे अण्णा-माईंचा एकुलता एक मुलगा. टाकीही त्यानेच केली होती, लोखंडी पट्ट्या जोडून, काचा बसवून.

केंड बघायला जायचं तर आधी साबणाने हात धुवायचे आणि मग अण्णांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. घरी कुणाला गोवर? कांजिण्या? खरूज? एकदा माझा मेहुणा डोळे आलेले असताना आमच्याकडे आला, तर अण्णांनी त्याला पायरीवरूनच परत पाठवलं.

मी म्हटलं, "अण्णा, माणसाचे डोळे आले म्हणून माशाचे येत नाहीत. पुस्तकात आहे."

"मास्तर, तुमच्या पुस्तकाने आजवर किती रोगी बरे केले?"



टाकीत शिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला अण्णांचा एकवीस दिवसांचा नियम होता. दगड असो, शंख असो, मूठभर वाळू असो, आधी तीन आठवडे पडवीतल्या बादलीत. पाण्यालाही सुटका नव्हती. पावसाळ्यात समुद्र लाल गढूळ होतो आणि त्याचा खारटपणा उतरतो, म्हणून अण्णा मे महिन्यात 'पांढरा समुद्र' म्हणतात त्या किनाऱ्यावर जाऊन भर भरतीच्या वेळी पाणी भरून आणत. ते चौघडी धोतरातून गाळत, औषधाच्या मोठाल्या जारांमध्ये भरत आणि जार पलंगाखाली अंधारात ठेवत. "ताजं पाणी म्हणजे ताजा रोग. अंधारात मुरलं की त्यातले किडे उपाशी मरतात." चौतीस वर्षांत आपल्या हातून एक डोस चुकला नाही, हे ते दर दोन दिवसांनी सांगत, आणि आम्ही प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकत असू.

खरी पंचाईत केंडाच्या जेवणाची होती. बेहेऱ्यांच्या घरात सात पिढ्यांत कुणी मासळीला हात लावलेला नाही, आणि केंड तर तिसऱ्यांशिवाय, म्हणजे शिंपल्यांतल्या मांसाशिवाय, दुसरं खाईना. तेव्हा जानवं घातलेले, गंध लावलेले अण्णा दर आठवड्याला पिशवी घेऊन मासळीबाजारात जात. मासेवाली लांबूनच हाक मारी, "काय वो अण्णानू, आज रस्सा काय सुका?" अण्णा रागाने म्हणत, "रोग्याचं पथ्य आहे ते!" ती म्हणे, "व्हय तर. बामनाचा रोगी, त्येचा तोंड बगा!" तिसऱ्या फोडायच्या त्या पडवीत. त्याची सुरी वेगळी, साबण वेगळा. माईंच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला त्यातलं काही शिवलेलं चालत नसे.

आणि केसपेपर होता. दवाखान्याच्या जुन्या कोऱ्या कागदांवर अण्णा रोज नोंद करत. वर नाव: चि. केंड. पालक: विनायक अनंत बेहेरे. पत्ता या रकान्यात लिहिलं होतं, 'परगावी'. खाली जेवण, शी, डोळे, कल्ले, फुगण्याची ताकद.

परगावी म्हणजे विनू बोटीवर होता. डॉक्टरांच्या मुलाने औषधाचं दुकान काढलं होतं, तिथे विनूने बसावं असं अण्णांनी ठरवून टाकलेलं. विनूने मुंबईला जाऊन बोटीच्या इंजिनखोलीतली नोकरी धरली. निघायच्या दिवशी बापलेकांचं कडाक्याचं वाजलं. अण्णा म्हणाले, "जा, या घरात तुझं आता काही राहिलं नाही." विनू बॅग उचलून म्हणाला, "केंड राहिलाय. तेवढा जपा." आणि गेला. हे मला माईंनी सांगितलं. अण्णांनी कधीच नाही.

त्याला तीन वर्षं झाली होती. मधे बोटीवरून सुट्टी मिळाली तेव्हाही तो मुंबईतूनच परत गेला, रत्नागिरीला आला नाही. दोन-तीन महिन्यांतून कुठल्या तरी बंदरातून पोस्टकार्ड येई. त्यावर चित्र आणि मागे इतकंच: 'केंड कसा आहे? पाणी बदलता ना? सर्वांस नमस्कार. विनायक.' अण्णा उलटटपाली कंपनीच्या मुंबईच्या पत्त्यावर केंडाचा अहवाल धाडत. जेवण चांगले. पाणी पंचवीस. डोळे स्वच्छ. बाकी एक शब्द नाही. त्याने इकडचं विचारायचं नाही, यांनी तिकडचं विचारायचं नाही. माई कार्ड हातात घेऊन मला विचारत, "मास्तर, 'सर्वांस' म्हणजे त्यात मी आले ना हो?"

मी म्हणे, "तुम्हीच आलात माई, आणखी कोण आहे इथे?"

आता मला माझ्या गुन्ह्याकडे यायला हवं. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला सकाळपासून पाऊस कोसळत होता. विनू बोटीवर गेल्यापासून माई दर नारळी पौर्णिमेला मांडवीला जाऊन समुद्राची पूजा करत. त्या वर्षी त्यांचे गुडघे इतके सुजले होते की ओटीच्या पायऱ्या उतरवेनात. अण्णा बहिणीकडून राखी बांधून घ्यायला पावस गावी गेलेले. माई दारातून मला म्हणाल्या, "मास्तर, एक काम कराल? तांब्याभर समुद्र आणाल?"

"कशाला हो माई?"

"मला जाववत नाही तिथपर्यंत. म्हटलं, घरी आहेच की समुद्र टाकीत, त्याचीच पूजा करावी. पण तो तीन महिने पलंगाखाली पडलेला. त्यात चार थेंब खऱ्या समुद्राचे पडले, की माझं म्हणणं पोचेल."

मी शास्त्राचा शिक्षक. अण्णांच्या अंगणात तीन वर्षं राहिलेला. ताजं पाणी म्हणजे ताजा रोग हे मला पाठ होतं. पण माईंनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि त्यांचा चेहरा बघून माझ्या तोंडून नाही निघेना. मी छत्री घेऊन गेलो आणि मांडवीहून तांब्याभर लालसर समुद्र घेऊन आलो.

माईंनी तो टाकीत ओतला. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, वर चमचाभर दूध. मग सोनेरी कागद लावलेला नारळ हलकेच पाण्यावर सोडला. डोक्यावर नारळ आलेला बघून केंड भीतीने फुगून टम्म झाला. माई हात जोडून म्हणाल्या, "बघा, प्रसन्न झाला!" आणि मग डोळे मिटून, अगदी हळू, "माझ्या बाळाला सांभाळ रे. उपाशी ठेवू नको." मी दुसरीकडे बघत उभा राहिलो.

अण्णा यायच्या आत आम्ही नारळ आणि फुलं काढून घेतली. हळद आणि दूध कसं काढणार? अण्णांनी आल्याआल्या टाकी बघितली. "पाणी ढगाळ का?" माई पानं मांडायला आत वळल्या आणि मी छत्री झटकत राहिलो. त्यांनी रात्रीचं जेवण बाजूला ठेवून पलंगाखालचे दोन जार ओढले आणि पाणी बदललं.

सहाव्या दिवशी सकाळी आकड्याऐवजी वेगळीच हाक आली. "माई! याच्या अंगावर पुरळ आलंय!"

मी धावलो. केंडाच्या अंगावर, परांवर, बारीक रवा शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके होते. तो वाळूवर अंग घासत होता आणि धापा टाकत होता. अण्णांनी स्टूल ओढलं आणि वकिलासारखी उलटतपासणी सुरू केली. "बाहेरून काही आल्याशिवाय हा रोग येत नाही. कोण आलं होतं? कुणी हात घातला?" माई दाराची चौकट धरून उभ्या. मी बोलणार, तेवढ्यात अण्णांची नजर वाळूत कशावर तरी थांबली. त्यांनी चिमटा घेतला, वाळूत घातला आणि कुंकू लागलेला तांदळाचा एक दाणा वर काढला. तो त्यांनी तळहातावर ठेवून बघितला. मग माईंकडे न बघता सदऱ्याच्या खिशात टाकला आणि म्हणाले, "असो. कारण राहू दे. उपचाराला लागू."

त्यानंतर त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. मला मात्र ते शिव्या देते तर बरं वाटलं असतं.

आधी त्यांनी मोरचूद आणला. सुपारीच्या बागेत फवारतात तोच, निळा. औषधाच्या तराजूवर गुंजभर तोलला, पुन्हा कागदात बांधला. "खवल्याच्या माशाला चालेल. याच्या अंगावर कातडीशिवाय काही नाही. हा डोस याला सोसायचा नाही." मग विहिरीचं पाणी उकळून कोमट होईपर्यंत ठेवलं, त्यात चिमूटभर खायचा सोडा घातला आणि केंडाला त्या गोड्या पाण्यात सोडला. "गोड्या पाण्यात किडे फुटून मरतात. पाच मिनिटं. मास्तर, तुम्ही श्वास मोजा."

"मिनिटाला नव्वद," मी म्हटलं.

"घाबरून मोजताय शिंच्या! पुन्हा मोजा."

पुन्हाही नव्वदच आले.

आता त्याला टाकीत परत ठेवून चालणार नव्हतं, कारण रोगाचे किडे वाळूत लपलेले. वेगळी खोली हवी होती, धातूची नको, साबण लागलेली नको. अण्णा घरभर बादल्या हुंगत फिरत होते. तेवढ्यात माई आतून आल्या. त्यांच्या हातात त्यांची रुंद तोंडाची चिनीमातीची बरणी होती, ज्यात त्या वर्षभराचं लोणचं घालत. लोणचं त्यांनी लहान बाटल्यांत भरून टाकलं होतं आणि बरणी चार वेळा विसळून घेतली होती.

"हिच्यात ठेवा," माई म्हणाल्या.

अण्णांनी बरणीत नाक घातलं. "हिंगाचा वास येतोय."

"मग पाचव्यांदा विसळते," म्हणून त्या पुन्हा विहिरीवर गेल्या, त्या सुजलेल्या गुडघ्यांनी.

बरणीतलं पाणी अण्णांनी रोज थोडं थोडं गोडं करत नेलं. पंचवीस, बावीस, अठरा, करत बारावर. एवढ्या खारटपणात मासा जगतो आणि किडा मरतो, हा त्यांचा हिशोब. वीज गेली की हवेचा पंप बंद पडे, म्हणून त्यांनी ट्रकची जुनी ट्यूब फुगवून ठेवली होती आणि तिला सलाइनची नळी जोडली होती. एका एका बुडबुड्यासाठी ते नळीवरच्या चाकाची चिमटी कमीजास्त करत बसत. ठिपके कमी होऊ लागले. पण केंड खाईना. तिसरी सोललेली, धुतलेली, चिमट्यात धरून तोंडाशी नेली, तरी तो पाठ फिरवी. नऊ दिवस झाले.

त्यातच पोस्टकार्ड आलं. चित्रात उंच इमारती, मागे तेच. 'केंड कसा आहे?' अण्णांनी ते उशीखाली ठेवलं. एक दिवस गेला, दोन गेले. उलटटपाली लिहिणारा माणूस लिहीना. शेवटी मीच म्हटलं, "अण्णा, आजारी आहे म्हणून कळवा."

अण्णा बरणीवर वाकले. "मास्तर, हा बरा झाला तर ठीक. पण हा गेला, तर मी त्याला पुढचं पत्र कशाबद्दल लिहू? आणि तो मला काय विचारणार? आमच्यात बोलायला दुसरं काही उरलेलंच नाही हो. सगळं मीच संपवून टाकलं त्या दिवशी."

अण्णांचा आवाज असा फुटलेला मी कधी ऐकला नव्हता. माई आत भाजी चिरत होत्या, त्यांची विळी थांबली. त्या उठून पडवीत गेल्या. जरा वेळाने परत आल्या तेव्हा त्यांच्या बोटांत सोललेली तिसरी होती. चिमटा नाही, काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मासळीला हात लावला होता आणि तो अंगापासून लांब धरला होता. बरणीत वाकून त्या म्हणाल्या, "खा रे सोन्या. तुझ्यासाठी सगळं बाटवलं मी. खा."

केंड वर आला. एका डोळ्याने बघितलं, मग दुसऱ्या. आणि तिसरीसकट माईंच्या बोटाला कडकडून चावला.

"चावला!" माई ओरडल्या. बोटातून रक्त येत होतं आणि त्या हसत होत्या. अण्णांनी आधी केसपेपरवर 'जेवण सुरू' असं लिहिलं, मग माईंच्या बोटाला आयोडीन लावलं.

तरी केंड सहा आठवडे बरणीतच राहिला. टाकीतला रोग उपासमारीने मरायला तेवढा वेळ लागतो, असं अण्णा म्हणाले. टाकी रिकामी, पण त्यातला दिवा ते रोज संध्याकाळी लावत. मी कारण विचारलं. म्हणाले, "अंधार असला की घर बंद करून माणसं निघून गेल्यासारखं वाटतं."

केंड बरा व्हायला लागल्यावर त्यांनी विनूला अहवाल लिहिला आणि मला वाचायला दिला. लक्षणे, उपचार, मात्रा, सगळं ओळीने. आणि 'रोगाचे कारण' यापुढे: 'माझ्या चुकीमुळे न मुरवलेले पाणी टाकीत गेले.'

"अण्णा," मी म्हटलं, "ते पाणी मी आणलं होतं. आणि माईंनी…"

"ठाऊक आहे. तांब्या कुणाचा, तेही ठाऊक आहे." ते चष्मा पुसू लागले. "तिचं नाव लिहिलं, आणि तो तिला काही बोलला, तर ती आतल्या आत खचेल. माझ्यावर तो रागावलेलाच आहे. त्यात आणखी थोडं."

उत्तर दसऱ्याला आलं. पोस्टकार्ड नव्हे, जाड पाकीट. आत चार पानं, दोन्ही बाजूंनी. अण्णांनी ओटीवर उभ्याने वाचलं आणि मग मला बोलावून मोठ्याने वाचून दाखवलं. विनू भयंकर संतापला होता. 'तुम्ही असं कसं केलंत? इतकी वर्षं औषधं दिलीत, लोकांना पथ्यं शिकवलीत, आणि एवढं भान राहिलं नाही? डोळ्यांचा नंबर वाढलाय का? दाखवून आलात का? रात्री जागता का? या वयात एकट्याने जार उचलू नका, मास्तरांना सांगा.' हे असं चार पानं. माई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. 'माझ्या चुकीमुळे' हे अण्णांनी लिहिलेलं विनूने पत्रात उतरवून घेतलं होतं. ते वाक्य आलं तेव्हा माईंनी अण्णांकडे बघितलं आणि पदराने तोंड पुसलं.

अण्णांच्या चेहऱ्यावर मात्र लग्नघरातला आनंद होता. "बघितलंत मास्तर? काय झाडलंय मला! माझ्या डोळ्यांचा नंबर विचारतोय!" शेजारच्या दोन घरांत जाऊन त्यांनी स्वतःला पडलेल्या शिव्या वाचून दाखवल्या.

चार दिवसांनी मी शाळेतून आलो तर अण्णा कोरा कागद पुढे घेऊन बसलेले. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "मास्तर, एखादी चूक सुचवा."

"कसली चूक?"

"माझ्या हातून झालेली. फार मोठी नको, केंडाला धक्का लागता कामा नये. पण चार पानं रागावेल एवढी हवी. नुसतं 'सगळं ठीक' लिहिलं की पुन्हा पोस्टकार्ड येईल हो."

आम्ही दोघांनी तासभर डोकं चालवलं. पंप बिघडला लिहावं, तर विनू पैसे पाठवील आणि विषय मिटेल. काच तडकली लिहावं, तर टाकी त्याने केलेली, त्याला वाईट वाटेल. एकही चूक पसंत पडेना.

माई तांदूळ निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "आता आमच्याच्याने होत नाही, असं लिहा. त्यात खोटं काही नाही."

 अण्णांनी कागद आणि पेन त्यांच्याकडे सरकवलं. "मला नाही लिहिता यायचं ते. तू लिही."

तीन वर्षांत माईंना कुणी पेन दिलं नव्हतं आणि त्यांनी ते मागितलंही नव्हतं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, हात पुसले आणि लिहिलं, 'चि. विनूस अनेक आशीर्वाद. केंड बरा आहे.' एवढं लिहून त्या थांबल्या. पेन कागदावर टेकवायच्या, उचलायच्या. मी उठून जाणार होतो, पण जाववेना. अण्णा टाकीकडे तोंड करून बसले होते आणि तिकडे बघत नव्हते.

'तू कसा आहेस?' एवढं पुढचं वाक्य लिहायला माईंना दिवेलागण झाली.